आईनं मोडलेला बहिष्कार

आमच्या घरात पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. पाणीपट्टी, बसभाडं, फौंड्रीतल्या कामगारांचा बोनस, रस्त्यातले खड्डे. सगळी जुनी भांडणं सुतळीनं बांधून ठेवलेली. त्यांची पाठची बाजू कोरी असायची, म्हणून मी अक्षरं तिथंच गिरवली. शाळेत पहिल्यांदा ‘माझी गाय’ लिहायला सांगितलं तेव्हा मी सुरुवात ‘बंधू-भगिनींनो’ अशी केली आणि शेवटी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ असं लिहिलं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं, मुलं हसली. त्यात काय चुकलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. गाईला चारा मिळत नाही, हे मी वर लिहिलं होतं.

बाबा फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे साचे भरायचे. फौंड्री बंद पडली, पत्रकं चालू राहिली. कोल्हापुरात माणसाला काम नसलं तरी कृती समिती असते. दोघे भेटले की चहा होतो, तिसरा आला की समिती. दहावीच्या सुट्टीत बाबांनी मला पत्रक लिहायला शिकवलं. वाक्य असं हवं की चालता चालता वाचून संपावं. मागणी एकच हवी. आणि पत्रकात ‘पण’ लिहायचं नाही. “‘पण’ आला की माणूस थांबतो,” ते म्हणायचे, “आणि थांबला की घरला जातो.”

मी हे नियम पाळले आणि मला ते पटलेही होते. अन्याय एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, मध्ये रस्ता. इतकं सरळ असताना लोक गोंधळतात कसे, याचा मला राग यायचा. कॉलेजच्या प्रकरणानंतर तो राग कुणावर काढायचा ते मला कळेनासं झालं आहे.

हे कॉलेज म्हणजे लोकवर्गणीतून निघालेलं संध्याकाळचं कॉलेज. दिवसा राबणाऱ्यांसाठी. दुकानातले नोकर, रिक्षावाले, लवकर लग्न झालेल्या बायका. माझ्या लहानपणी ते पेठेतल्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर भरायचं. दिवसा ज्या बाकांवर चौथीची पोरं बसायची, त्यांच्यावरच संध्याकाळी त्यांचे आईबाप गुडघे दुमडून बसायचे. मग शाळेला वरचा मजला हवा झाला आणि कॉलेज हातकणंगल्याच्या वाटेवर, मोठा रस्ता सोडून बरंच आत, कुणीतरी दान दिलेल्या जमिनीवर गेलं. तात्पुरतं, असं तेव्हा सांगितलं होतं. कारण गावात कॉलेजची स्वतःची जागा होती. आम्ही शहराला गावच म्हणतो.

ती जागा मंडईच्या मागं आहे. तिच्यावरचा ‘नियोजित शहर संकुल’ हा बोर्ड मी निळा पाहिला, पांढरा पाहिला, भगवाही पाहिला. अक्षरं तीच, फक्त खालची संचालकांची नावं बदलायची. प्रत्येक नव्या मंडळानं तिथं नारळ फोडला, कुदळ मारली, फोटो काढला. एकदा नकाशा मंजूर झाला तर रस्तारुंदीची रेघ जागेच्या मधून गेली. रेघ सरकली तेव्हा नकाशाची मुदत संपली होती. एकदा पाया खणला तर त्यात पाणी लागलं, आणि ते कुणी उपसायचं यावर भांडण झालं. शेवटी खांब उभे राहिले, माणसाच्या छातीएवढे, वर सळया. काम तिथं थांबलं. लोक त्या खांबांना म्हशी बांधू लागले, कारण संध्याकाळी त्या जागेवर दुधाचा कट्टा भरतो. गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. गावातली निम्मी चर्चा तिथं मिशांना फेस लावून होते, आणि कॉलेजची इमारत हा त्या चर्चेतला कायमचा विषय.

“औंदा होतंय बघ.”

“कोन म्हनतंय?”

“गेल्या साली म्हनला हुता त्योच.”

माझ्या आईनं बी.ए.चं पहिलं वर्ष त्या शाळेच्या वरच्या मजल्यावर केलं. मी तेव्हा तिसरीत होते. ती साड्यांना फॉल-पिको करायची, अजूनही करते. संध्याकाळी मशीनवर फडकं टाकायची आणि पेठेतून चालत वर्गाला जायची. तिचा विषय इतिहास. बाबा मोर्चाबद्दल सांगायला लागले की आई मध्येच विचारायची, “त्येच्या आधी काय झालं हुतं?” बाबांना ते आवडायचं नाही. मोर्चा त्यांच्यासाठी सुरुवात असायचा.

कॉलेज बाहेर गेलं आणि आईचं शिक्षण थांबलं. जायला बस होती, वर्ग सुटल्यावर परतीची नव्हती. एवढंच. तिला कुणी अडवलं नाही की नको म्हटलं नाही. पुस्तकं मात्र तिनं कुणाला दिली नाहीत. दोऱ्यांच्या रिळांच्या डब्यामागं ती उभी करून ठेवली. “इमारत झाली की बघू,” म्हणायची. आईला बी.ए. व्हायचं आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, भिंतीला ओल आहे हे ठाऊक असतं तसं.

दोन वर्षांपूर्वी संचालक मंडळानं जाहीर केलं की शहर संकुलाची गरज आता पुन्हा तपासून बघावी लागेल. बाहेरचं संकुल पुरेसं आहे, गावातले विद्यार्थी तिथं येऊ शकतात, मंडईमागच्या जागेचं काय करायचं ते सवडीनं ठरवू. याचा अर्थ कट्ट्यावर सगळ्यांना कळला. जागा विकली जाणार होती. आठवड्याभरात कृती समिती उभी राहिली, बाबा निमंत्रक झाले आणि पत्रक माझ्याकडं आलं.

ते मी एका बैठकीत लिहिलं. ‘एक गृहिणी. दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली. तिची पुस्तकं रिळांच्या डब्यामागं धूळ खात आहेत. तिला कुणी थांबवलं? तिला परतीची बस नसलेल्या रस्त्यानं थांबवलं!’ आणि खाली ठळक अक्षरांत बहिष्कार: ‘इमारत होईपर्यंत गावातला एकही विद्यार्थी बाहेरच्या संकुलात पाऊल ठेवणार नाही!’ हिशेब सरळ होता. लोक येऊ शकतात असं ते म्हणतात ना? मग कुणीच जायचं नाही. बघू दे त्यांना रिकामे बाक.

आईला वाचून दाखवलं तेव्हा ती पिको करत होती.

“धूळ कुठाय?” ती म्हणाली. “मी दर आठवड्याला पुसतो की.”

“आई, पत्रकात तसं लिहायचं असतं.”

“मग लिही.” आणि तिनं मशीन पुन्हा चालू केलं.

पत्रक गाजलं. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलीनं ते वाचून आपला प्रवेश रद्द केला. पहिल्या वर्षाचा. मला भेटून म्हणाली, “तू लिहिलंस ते काळजाला लागलं बघ. थांबतो मी बी.” मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

कट्ट्यावर एक दूधवाले काका टेम्पो लावायचे. त्यांचं गाव कॉलेजच्या पुढं. संध्याकाळी रिकामे कॅन घेऊन ते कट्ट्यावरून निघायचे, वाटेतल्या गावांत दूध गोळा करायचे आणि मिठाईवाल्यांना द्यायला ते घेऊन परत कोल्हापुरात यायचे. त्यांच्या बायकोच्या साड्या फॉलला आमच्याकडं यायच्या. एकदा साडी न्यायला आले असताना त्यांनी रिळांमागची पुस्तकं बघितली आणि म्हणाले, “वैनी, मी रोज जातोय की त्या कॉलेजच्या फाटकावरनं. पुढं शीट रिकामंच असतंय.”

बाबा आणि मी तेव्हा दारातच होतो. बहिष्काराच्या बैठकीला निघालो होतो, चपला शोधत होतो. आम्ही ते ऐकलं आणि ऐकलं नाही.

पुढच्या जूनमध्ये आईनं दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. तिनं हे लपवलं असं म्हणता येणार नाही, कारण आम्ही विचारलंच नाही. आम्ही रोज संध्याकाळी बैठकीला असायचो, आणि परत यायचो तेव्हा ती भात लावत असायची. पदराला दुधाचा वास यायचा. मला वाटायचं कट्ट्यावरून दूध आणलं असेल.

संचालक मंडळानं समितीला चर्चेला बोलावलं तेव्हा ते कळलं. सचिव फार गोड बोलायचे. त्यांनी माझं पत्रक टेबलावर ठेवलं, हातानं सपाट केलं आणि म्हणाले, “यातल्या बाई आमच्याकडं दुसऱ्या वर्षाला आहेत. रोज येतात. इतिहासाचे सर त्यांचं फार कौतुक करतात. म्हणजे येता येतं, असं दिसतंय.” समितीतले सगळे बाबांकडं वळले. बाबा माझ्याकडं वळले. माझ्यामागं भिंत होती.

परत येताना सगळे कट्ट्यावर थांबले. समितीचे अध्यक्ष जुने पैलवान, त्यांचा आवाज मुळातच मोठा. “निमंत्रकाच्या घरातच बहिष्कार मोडला,” ते म्हणाले, “आता गावाला काय सांगायचं?”

“घरात सांगून बघतो,” बाबा म्हणाले.

“सांगा. माझ्या घरात माझं कोन ऐकत न्हाई, तुमचं ऐकलं तर मला बी शिकवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मशीनसमोर स्टूल घेऊन बसले. आईनं सुई ओवायला दोरा ओठात धरला होता.

“एक वर्ष थांब,” ते म्हणाले. “एकच. इमारत झाली की पहिल्या बाकावर बस. उद्घाटनाची फीत तुलाच कापायला सांगतो.”

“कात्री माझ्या हातात रोजच असते. फितीचं काय कौतुक?”

“मस्करी नको. सगळं आंदोलन एका माणसामुळं पडतंय.”

आईनं दोरा ओवला. “एक वर्ष म्हनता. ही पोरगी तिसरीत हुती तवापासनं त्येच एक वर्ष चाललंय. आनी मला सांगा, मी न्हाई गेलो तर ती मानसं काय म्हननार? गावातनं कोन येत न्हाई, इमारत कशाला? मी गेलो तर म्हननार, येत्यात की, इमारत कशाला? दोनीकडनं तेच. मग मी जातो तरी.”

बाबा स्टुलावरच माझ्याकडं वळले. “तू सांग हिला. तुला लिहिता येतंय.”

आमच्या घरात ‘फितूर’ यापेक्षा वाईट शिवी नाही. फौंड्रीच्या संपात एक मोल्डर आत कामाला गेला होता, बाबा त्याच्याशी आजही बोलत नाहीत, आणि ते बरोबर आहे असं मी मानते. संप चालू असताना आत जाणारा दुसऱ्यांच्या पोटावर पाय देतो. मग आई कोण? ज्या अन्यायासाठी बहिष्कार होता तो अन्याय तिच्यावरच झाला होता. आपल्यावरच्या अन्यायाला फितूर होता येतं का? मी पलंगाखालचे गठ्ठे मनातल्या मनात उलटून पाहिले. असा माणूस त्यांत कुठंच नव्हता.

तिच्या बाजूनं बोलावं असं मी जवळजवळ ठरवलं होतं. त्याच दुपारी औषधाच्या दुकानातली मुलगी आमच्या दारात आली. आत आली नाही.

“तुझी आई जाते म्हनं?”

“हो.”

“मग मी का थांबलो?”

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं खरंच विचारलं होतं. तिला टेम्पोत शीट नव्हतं, तिच्याकडं साड्या आणणारं कुणी नव्हतं, तिनं माझं वाक्य वाचून वर्ष सोडलं होतं. बहिष्कार तिच्यापुरता खरा होता. आईनं तो मोडला होता, आणि ज्यांना टेम्पो नाही त्या सगळ्यांच्या डोक्यावरून मोडला होता. मी संध्याकाळी आईला तसंच सांगितलं. जरा चढ्या आवाजात.

“ते बी खरं हाय,” ती म्हणाली. पिशवीत वही घातली, पाण्याची बाटली घातली. “म्हनून तर तू लिही. मी कुठं नको म्हनतोय?”

आणि ती टेम्पोकडं गेली. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडणाऱ्याशी काय करायचं ते मला येतं.

पावसाळा संपता संपता बातमी आली की संचालक मंडळातले काही जण एका इंजिनिअरला घेऊन जागा दाखवायला येणार आहेत. कशासाठी, ते कुणी सांगेना. समितीनं ठरवलं, जागेच्या फाटकात ठिय्या. इमारत होणार असं लेखी मिळेपर्यंत आतली गाडी बाहेर नाही, बाहेरची आत नाही. ठरावाला मीही हात वर केला. हात वर असतानाच लक्षात आलं, आतल्या गाड्यांमध्ये दूधवाल्या काकांचा टेम्पो असणार. आणि त्याच संध्याकाळी आईची अंतर्गत परीक्षा होती. ती चुकली की विषय राहतो. बाबांनाही ते माहीत होतं, कारण आठवडाभर आई भाकरी थापताना सनावळ्या पुटपुटत होती. आम्ही दोघं त्यावर एक शब्दही बोललो नाही.

ठिय्याचा बाबांचा नियम असा, की उठला तो फुटला. पोलीस आले, पाऊस आला, पाय झोपले, तरी उठायचं नाही. आम्ही फाटकात आडवी रांग धरून बसलो. बाबा एका टोकाला, मी मधोमध, माझ्या हातात हात अडकवून औषधाच्या दुकानातली मुलगी. घोषणा मी देत होते. मागं कट्टा भरला होता, लोक पेले हातात घेऊन बघत होते.

मागून कॅन खडखडले. टेम्पो आमच्या पाठीशी येऊन थांबला.

“आवं पावणं, सरा की,” काका ओरडले. “तिकडं दूध वाट बघायलंय.”

अध्यक्ष बसल्या जागेवरून गरजले, “आज एक बी गाडी सुटनार न्हाई! लोकांच्या शिक्षनाचा प्रश्न हाय!”

“मग मी काय घिऊन चाललोय? शिक्षनच बसलंय की पुढच्या शीटवर!”

अख्खा कट्टा हसला. कुणीतरी पेला सांडला. मी मान वळवून पाहिलं. आई काकांशेजारी बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर उघडी वही, आणि ती वाचत होती. वर बघत नव्हती. बाबा समोरच्या रस्त्याकडं बघत होते, जणू पाठीमागं काही घडतच नव्हतं. मी घोषणा द्यायला तोंड उघडलं. ‘कॉलेज आमच्या हक्काचं’ ही माझीच घोषणा. ती मला पुरी करता आली नाही. उठले तर आंदोलन फुटतं. शेजारच्या मुलीचं वर्ष गेलंच होतं, ते फुकट जातं. बसून राहिले तर ज्या बाईसाठी हे सगळं, तिची परीक्षा मीच बुडवते. माझ्या डोक्यात दोन पत्रकं एकदम तयार होत होती. दोन्ही चांगली होती.

आई खाली उतरली आणि रांगेला वळसा घालून समोर आली. मला वाटलं बाबांकडं जाईल. ती माझ्यासमोर उभी राहिली.

“त्येंनी लिहून दिलं काय?”

“अजून आलेच नाहीत.”

“मग उठू नको,” ती म्हणाली. “पन जरा सरकून बस.”

मी बाबांकडं पाहिलं. ते आपल्या चपलांकडं बघत होते. मी सरकले. उठले नाही, बसल्या बसल्या जमिनीवरून अंग ओढत सरकले. हात अडकवलेला असल्यामुळं औषधाच्या दुकानातली मुलगी माझ्याकडं ओढली गेली. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मग तीही आपणहून सरकली. तिच्या पलीकडचे सरकले. बालवाडीतल्या पोरांसारखी अख्खी रांग ढुंगणावर घसरत एका अंगाला गेली. अध्यक्षही घसरले, शिव्या देत. टेम्पोपुरती वाट झाली. आई चढली. टेम्पो गेला. आम्ही पुन्हा पसरून बसलो.

अंधार पडता पडता संचालक आले. फाटकात एवढी माणसं बघून त्यांनी इंजिनिअरला गाडीतच बसवून ठेवलं आणि ‘जागा विकण्याचा विचार नाही’ असं लिहून दिलं. इमारतीचं काही लिहिलं नाही. आम्ही जिंकलो की नाही यावर कट्ट्यावर अजून वाद चालतो. ठिय्याचाही वेगळा वाद चालतो.

“उठलं कोन न्हाई.”

“पर गाडी गेली की!”

“गाडी गेली, पर ठिय्या मोडला न्हाई.”

“मग मोडलं काय?”

“कुनाला ठावं.”

आई आता तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेत तिनं काय लिहिलं ते ती सांगते, किती मिळाले ते सांगत नाही. या जूनपासून औषधाच्या दुकानातली मुलगीही टेम्पोतून जाते, मागं कॅनच्या मध्ये उलटी बादली टाकून. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. सचिव आता म्हणतात, गावातून संख्या वाढते आहे, म्हणजे बाहेरचं संकुल लोकांना पसंत आहे. दरम्यान जागेवरचे खांब छातीवरून डोक्याच्या वर गेले. आमच्यामुळं, की निवडणूक आल्यामुळं, की सिमेंट पडून खराब होत होतं म्हणून, कुणीच सांगू शकत नाही. म्हशी तिथंच बांधल्या जातात.

नवं पत्रक हवं आहे. बाबा रोज विचारतात. बहिष्कार चालू आहे असं लिहायचं की मागं घेतला असं, यावर समितीचं एकमत होत नाही. मी एकच वाक्य लिहिलं आहे: ‘आमच्या बायका दुधाच्या टेम्पोतून कॉलेजला जातात.’ बाबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं.

“खरं आहे,” ते म्हणाले. “पण यातनं मागणी कुठली निघते?”

त्यांच्या तोंडून ‘पण’ गेला, आणि त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

आई मशीनवर होती. तिला निघायला थोडाच वेळ होता आणि एक साडी राहिली होती. “टेम्पोत मागं एक बाक पायजे म्हनून लिही,” ती म्हणाली. “त्या पोरीचं बादलीवर बसून कंबरडं मोडतंय.”

“पत्रकात मागणी एकच असते,” बाबा म्हणाले.

“मग तीच लिवा.”

बाबा हसले नाहीत. मीही नाही. कागद अजून माझ्यासमोर आहे. बाक आधी लिहायचा की इमारत, ते मला ठरवता येत नाही. आई मात्र मशीनवर फडकं टाकून उठली आणि गेली.